सरजाबाईची खुशाली

लुंबिनीनं ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं तेव्हा तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. पूर्वी एकदा तिनं नांदेडातच बी.ए.चं पहिलं वर्ष अर्ध्यावर सोडलं होतं. आईचं डायलिसिस सुरू झालं, तिला धरून दवाखान्यात न्यायचं, आणायचं, रात्री पाय चेपायचे. त्यात कसलं कॉलेज आणि कसली हजेरी. आता वेळ होता, पण अठरा वर्षांच्या पोरींच्या शेजारी बाकावर जाऊन बसायची तिला लाज वाटायची. अशात ती काम करायची त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेल्या एका मास्तरांनी तिला या कला महाविद्यालयाचं सांगितलं. ऑफिस लातुरात, औसा रोडला एका बँकेच्या वर दोन खोल्यांत. बाकी सगळं कॉलेज फोनमध्ये.

फोनमधलं असलं तरी ते कॉलेजच होतं. सकाळी सातला वर्ग भरायचा. देविदास सर तत्त्वज्ञान शिकवायला लागले की त्यांच्या शेजारच्या घरातला कुकर शिट्ट्या द्यायला लागायचा, आणि सर म्हणायचे, "थांबा, आधी वरण होऊ द्या." मुदखेडच्या प्रीतमच्या घरी रेंज नव्हती, म्हणून तो स्टेशनच्या बाकावर बसून वर्ग करायचा. सरांनी त्याला काही विचारलं की नेमकी मालगाडी यायची आणि प्रीतमचं उत्तर त्या खडखडाटात कुठल्या कुठं जायचं. कुणाची शेळी ओरडायची, कुणाची सासू मागून हाका मारायची. शनिवारी सकाळी 'कॉलेजवार्ता' असायची. कुणाला मुलगी झाली, कुणाला होमगार्डात घेतलं, परीक्षेचा अर्ज कधीपर्यंत भरायचा, हे सगळं आवाजाचा मेसेज करून ग्रुपवर टाकायचं. ते काम सरांनी लुंबिनीला दिलं. लॅबच्या काउंटरवर दिवसभर पेशंटची नावं पुकारून तिचा आवाज खणखणीत झाला होता.

दुसऱ्या सत्रात सर म्हणाले, "एकट्यानं वाचलं की झोप येते. जोडीनं वाचा." आणि त्यांनी जोड्या लावून दिल्या. लुंबिनीच्या वाट्याला उदगीरच्या तुळजाबाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या. त्याच दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"मी तुळजाबाई बोलते. तू लुंबिनी ना वं? ऊटा आयता?"

"काय म्हणलात?"

"जेवलीस का म्हणलं. माझ्या आईचं माहेर बिदरकडचं. तिची कानडी अजून तोंडात बसलीय."

लॅबमध्ये दुपारची वेळ निवांत असायची. उपाशीपोटीची रक्तं सकाळीच होऊन गेलेली, रिपोर्ट न्यायला माणसं संध्याकाळी यायची. त्या मधल्या वेळात दोघी फोनवर वाचायला लागल्या. एक पान लुंबिनी वाचायची, एक पान आक्का. आठवडाभरात तुळजाबाईंच्या आक्का झाल्या होत्या. वाचता वाचता आक्का मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "हे सर सांगतेत ते खरं, पर माझं म्हणणं येगळं हाय," आणि मग पुस्तक राहायचं बाजूला. नवरा लवकर गेला, नोकरी करून पोराला वाढवलं, पोराचं आता भुसार मालाचं दुकान, सून करिश्मा लई गुणाची, हे सगळं लुंबिनीला हळूहळू कळत गेलं. बी.ए. करायचं आक्कांच्या मनात पहिल्यापासून होतं. करू करू म्हणता निवृत्तीचा दिवस येऊन गेला.

आईचं लुंबिनीनं कुणाजवळ फारसं काढलं नव्हतं. भाऊ आदर्श समोर असला की दोघंही तो विषय टाळायचे. पण समोर चेहरा नसला की बोलणं सोपं जातं. एका दुपारी तिनं आक्कांना सगळं सांगितलं. आई अंगणवाडीत होती, सरजाबाई तिचं नाव. पौर्णिमेला विहारात वंदना तीच म्हणायची. शेवटी शेवटी पाणीसुद्धा मोजून द्यावं लागायचं, आणि आई तिच्याकडं नुसती बघत राहायची. सांगता सांगता लुंबिनीचा आवाज गेला.

"रड माय," पलीकडून आक्का म्हणाल्या. "मी हाय फोनवर. रड."

काउंटरखाली मान घालून ती पोटभर रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

पावसाळा सरता सरता आक्का वाचलेलं पान पुन्हा वाचायला लागल्या. तर्कशास्त्राचं पान होतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं विस्तव असणार, यावर सरांनी मोठं टिपण दिलं होतं. ते आक्कांनी सोमवारी वाचलं आणि त्यावर खूप हसल्या, "माझ्या सासूच्या चुलीला नुसता धूर असायचा, इस्तू कुठला!" मंगळवारी तेच पान, तेच हसणं, तेच वाक्य. बुधवारी पुन्हा. लुंबिनीला वाटलं, वय झालंय. मग एकदा आक्कांनी दुपारच्या ऐवजी पहाटेच फोन लावला आणि वर्ग का भरला नाही म्हणून विचारत राहिल्या.

आणि एक दिवस फोन ठेवताना त्या सहज म्हणाल्या, "आईला माझा नमस्कार सांग. तब्येत बरी हाय ना त्यांची?"

लुंबिनी हळूच म्हणाली, "आक्का, आई गेली ना. सांगितलं होतं मी तुम्हाला."

पलीकडं आक्का मोठ्यानं रडायला लागल्या, जणू आत्ता कुणी निरोप आणला होता. "कवा गं? कसं झालं? मला कळवलं कसं न्हाईस?" त्यांना शांत करता करता लुंबिनीला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या दिवशी दोघींचंही जेवण झालं नाही.

पुढच्या आठवड्यात आक्कांनी तेच विचारलं. "आई कशी हाय तुझी?"

लुंबिनीच्या डोळ्यांसमोर मागचं रडणं आलं. "बरी हाय," ती म्हणाली.

"काय करून राहिली?"

"बसलीय. तांदूळ निवडून राहिली."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. पण त्या दुपारी लॅबमध्ये बसल्या बसल्या तिला खरंच दिसलं: आई उंबऱ्याजवळ पाय पसरून बसलीय, मांडीवर सूप, चष्मा नाकावर घसरलेला. कितीतरी दिवसांत आई अशी दिसली नव्हती. डोळे मिटले की दवाखान्यातलीच दिसायची.

मग ते रोजचंच झालं. आक्का विचारायच्या आणि लुंबिनी सांगायची. आईनं आज अंबाडीची भाजी केली. आई शेजारणीशी भांडली. आईला गुडघ्याला तेल लावून दिलं. शनिवारी ती कॉलेजची खरी वार्ता सांगायची, एकूण एक नाव तपासून. आणि दुपारी ही दुसरी खुशाली. आक्का मन लावून ऐकायच्या, सल्ले द्यायच्या. "त्यांला म्हणावं जास्त बसू नका खाली. ताक पित जा म्हणावं."

एका रविवारी ती घरात बोलत होती आणि आदर्श दारात येऊन उभा राहिलेला तिला दिसलाच नाही. "आई झोपलीय आत्ता, उठली की सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि मागं वळली. आदर्शचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणाशी बोलून राहिली तू?"

तिनं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण बसला नाही.

"मेलेल्या माणसाला असं रोज उठवत्यात व्हय?" एवढंच म्हणाला आणि बाहेर निघून गेला. त्याचे डोळे भरले होते हे तिनं पाहिलं. तरी सोमवारी दुपारी आक्कांनी विचारलं तेव्हा तिनं पुन्हा "बरी हाय"च म्हटलं.

आक्कांच्या घरी कळवावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. संगप्पांचं, म्हणजे आक्कांच्या मुलाचं दुकान उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात; नंबर शोधला असता तर मिळाला असता. वर्गात सरांनी आक्कांना काही विचारलं की लुंबिनीच मध्ये बोलायची, "सर, आक्कांचा आवाज येईना आज." आक्कांचं टिपणही तीच लिहून पाठवायची. कळवलं तर फोन बंद होईल, हे तिला ठाऊक होतं. आज नको, परीक्षा झाली की बघू, असं करत दोन महिने गेले.

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी आक्कांचा फोन आलाच नाही. लुंबिनीनं केला, तर उचलेना. थोड्या वेळानं त्याच नंबरवरून फोन आला आणि अनोळखी पुरुष बोलला. "अहमदपूरच्या बसस्टँडवरून बोलतोय, कंट्रोलरच्या ऑफिसातून. एक म्हाताऱ्या बाई हायत इथं. गाडी सुटली, ह्या बसूनच राहिल्या. कुठं जायचं ते सांगता येईना. फोनात सगळ्यात वर तुमचा नंबर दिसला."

लुंबिनीनं आधी त्याच्याकडूनच आक्कांच्या फोनातला घरचा नंबर काढून घेतला आणि करिश्माला फोन लावला. तिकडं सकाळपासून शोधाशोध चालली होती. संगप्पा पहाटेच कामासाठी लातूरला गेलेले, ते तिथूनच निघतो म्हणाले. लुंबिनी लॅबमधून उठली ती तशीच लोह्यावरून अहमदपूरला जाणाऱ्या गाडीत चढली.

अहमदपूरला उतरल्यावर तिनं सिमेंटच्या बाकांवर नजर फिरवली आणि आक्का लगेच ओळखू आल्या. फोनच्या चौकोनात दिसायच्या त्यापेक्षा किती बारीक होत्या. इरकल लुगडं नीट नेसलेलं, केस विंचरलेले, मांडीवर कापडी पिशवी. एका पायात चप्पल नव्हती.

"आक्का."

त्यांनी वर पाहिलं. अनोळखी माणसाकडं बघून हसावं तसं हसल्या. "कोण वं तू?"

"मी लुंबिनी."

"लुंबिनी नांदेडला ऱ्हाते," आक्का समजुतीनं म्हणाल्या. "तिकडंच निघालेय मी. तिच्या आईला बघाया. लई आजारी हायत त्या. पोरगी सांगत न्हाई, बरी हाय बरी हाय म्हणते रोज. पर तिच्या आवाजावरून कळतंय मला. येवढी बरी असती तर पोरीचा आवाज असा का आला असता?" आणि पिशवी उघडून त्यांनी दाखवली. आत शेंगांची चटणी होती, आणि घडीचं कोरं लुगडं. "दवाखान्यात न्याया लागलं तर लुंबिनी एकटीच हाय. म्हणून निघाले."

लुंबिनी त्यांच्या पायाशी खालीच बसली. रडायलाच लागली. आक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, ही कोण बाई रडतेय हे ठाऊक नसताना.

संगप्पा आले ते धावतच. पन्नाशीकडं झुकलेला, अंगानं भारी माणूस. आईला धडधाकट बघितल्यावर आधी खांबाला टेकून उभे राहिले. मग लुंबिनीकडं वळले. "तुम्हीच का त्या? तुम्ही बोलावलं होतं तिला नांदेडला?"

"न्हाई दादा. पण माझ्यामुळंच निघाल्या त्या." आणि तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. पान पुन्हा पुन्हा वाचायच्या ते, आईचं ते, टिपणं लिहून दिली तेही.

संगप्पा ऐकत होते तसा त्यांचा चेहरा कठीण होत गेला. "दोन महिने ठाऊक होतं तुम्हाला?"

"हाव."

"आन् मला एक फोन न्हाई? रस्त्यात कुठं उतरली असती, गाडीखाली आली असती, तर?"

संगप्पांनी आईकडं पाहिलं. "मी बी एकाच घरात ऱ्हातो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "दिवसभर अभ्यास करती म्हणून खूश होतो. डोकं ताजं हाय आईचं, असं गावात सांगत फिरायलोय."

निघताना आक्का गाडीत बसेनात. लुगडं पोचतं केल्याशिवाय येणार नाही म्हणाल्या. शेवटी संगप्पांनीच पिशवीतून ते काढलं आणि लुंबिनीच्या हातात दिलं. "ह्या नांदेडला चालल्यात, आई. ह्या देतील." आक्कांनी लुंबिनीकडं पाहिलं. "पोचव बरं का. म्हणावं उदगीरच्या तुळजाबाईनं दिलंय." मग त्या मुकाट्यानं गाडीत बसल्या.

चार दिवसांनी करिश्माचा फोन आला. लातूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला होता. विसरण्याचाच आजार, गोळ्यांनी थोडा सावकाश होईल, बरा होणार नाही. "मला ठाऊक होतं ताई," करिश्मा दबक्या आवाजात म्हणाली. "वरणात दोनदा मीठ घालायच्या. एकदा मलाच विचारलं, तू कुणाची. मग शुद्धीत आल्यावर हात धरला माझा. म्हणाल्या, संगप्पाला सांगू नको, तो कॉलेज बंद करील माझं. मग मी नाही सांगितलं." ती थांबली. "आता फोन नको म्हणतात हे. फोन वाजला की आत्याबाई पिशवी भरायला घेतात."

"हाव," लुंबिनी म्हणाली. "नको करायला. बरोबर हाय त्यांचं."

दुपारी लॅब पुन्हा निवांत झाली. आईनं काय केलं हे विचारणारं कुणी उरलं नाही. पहिले काही दिवस लुंबिनी मनातल्या मनात सांगून बघायची, पण पलीकडं ऐकणारं नसलं की आई दिसेनाशी व्हायची. सुपातले तांदूळ तसेच राहायचे. आईला नेलं तेव्हा चार माणसं घरात येऊन बसली होती, आजूबाजूच्या बाया भाकरी घेऊन आल्या होत्या. आता कुणाला सांगणार होती ती, आणि काय म्हणून? आदर्शला तिनं लुगडं दाखवलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि आईच्या पेटीत नेऊन ठेवलं. त्या रात्री जेवताना त्यानं तिच्या ताटात आपणहून भात वाढला.

शनिवार आला. देविदास सरांनी फोन करून विचारलं, "तुळजाबाईंचं सांगावं लागेल. तू सांगशील, की मी सांगू?"

"मीच सांगते, सर."

तिनं ती वार्ता कितीतरी वेळा बोलून पुसली. शेवटी जे पाठवलं ते असं होतं: "आपल्या वर्गातल्या उदगीरच्या तुळजाबाई आजारी आहेत. त्यांना आता गोष्टी आठवत नाहीत, म्हणून त्या वर्गाला येणार नाहीत. त्यांना बी.ए. व्हायचं होतं. पहिल्या सत्रात तत्त्वज्ञानात त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क होते. पुढची बातमी, परीक्षेच्या अर्जाची मुदत वाढली आहे." 'मुदत'वर तिचा आवाज फाटला होता, पण तिनं तो मेसेज तसाच जाऊ दिला. ग्रुपवर दिवसभर जोडलेले हात येत राहिले. प्रीतमनं स्टेशनवरून फोन केला, आणि गाडी आली तशी दोघांनीही फोन धरून ती जाऊ दिली.

परीक्षा झाली. लुंबिनी पास झाली. आक्कांच्या नावापुढं 'गैरहजर' आलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला करिश्मानं कळवलं, आता येऊन गेलात तर चालेल, त्या शांत असतात. लुंबिनी उदगीरला गेली. आक्का ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. आता त्या बहुतेक कानडीच बोलायच्या, आईची भाषा. घरात कुणाला ती धड येत नव्हती. लुंबिनीला बघून त्यांनी मराठीत विचारलं, "पोरगं कितवीत हाय तुमचं?" पालक भेटायला आले असं त्यांना वाटत होतं. लुंबिनी म्हणाली, तिसरीत. "रोज पाठवत जा शाळेत," आक्का म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष अंगणातल्या चिमण्यांकडं गेलं. ती तासभर बसली. आक्कांनी पुन्हा तिच्याकडं पाहिलं नाही. करिश्मानं जेवू घातलं.

स्टँडवर सोडायला संगप्पा निघाले. वाटेत दुकान लागलं तेव्हा म्हणाले, "गाडीला येळ हाय. बसा घटकाभर." तुरीच्या पोत्यांमध्ये एक खुर्ची होती, ती त्यांनी तिला दिली आणि स्वतः पोत्यावर बसले. चहा सांगितला. हमाल पोती आत-बाहेर करत होते.

"एक इचारू का?"

"इचारा की."

"काय बोलायच्या तुम्ही दोघी येवढं? रोज दुपारी माडीवरून हसणं ऐकू यायचं. करिश्मा सांगायची." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. "माझ्याशी आई कामापुरतं बोलायची. जेवलास का, गल्ला मोजलास का. मला वाटायचं, ती अशीच हाय, मास्तरणीवाणी. आता इचारावं म्हणलं तर तिला कायच सांगता येईना."

लुंबिनीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमचंच सांगायच्या. देवणीकडच्या शाळेत होत्या ना त्या पहिल्यांदा? तुम्ही तवा रांगत होता. सांभाळाया कुणी न्हाई. मग तुम्हाला जुन्या लुगड्याच्या पदरानं टेबलाच्या पायाला बांधायच्या आन् शिकवायच्या. एकदा साहेब आले तपासणीला. गाठ सुटली आन् तुम्ही त्यांच्या बुटात जाऊन बसला."

"बुटात?"

"बुटात म्हंजे बुटावर. ओला केला त्यांचा बूट."

संगप्पा हसले. मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांनी टॉवेल तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. हमाल थांबून बघायला लागले.

"मला म्हाईतच नव्हतं हे," ते म्हणाले. "मग? साहेब काय म्हणाला?"

"दादा, गाडी जाईल माझी."

"जाऊ द्या. मी सोडतो अहमदपूरपर्यंत. सांगा तुम्ही."